१०० चा पगार आणि २२८ चा दर: अपंगत्व सेवांचे दर काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सरकारी पैशातून चालणाऱ्या अपंगत्व सेवांचे दर नव्याने ठरवायचं काम तुमच्याकडे आलंय: घरी जाऊन मदत करणारे मदतनीस, दिवसाची केंद्रं आणि चोवीस तासांची निवासगृहं. अर्थ विभागातले सहकारी म्हणतात, मंजूर रकमेला अपेक्षित तासांनी भागा, झाला दर. संस्था म्हणतात, आमच्या तीन वर्षांच्या हिशेबांची सरासरी घ्या आणि वर दहा टक्के द्या. यातलं बरोबर कोणतं, आणि जास्त मदत लागणाऱ्यांसाठी वेगळा दर ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. आधी काही वर्षं एका संस्थेचे हिशेब सांभाळले, नंतर पैसे देणाऱ्यांच्या बाजूने दर काढले. माझं मत विचाराल तर दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत, आणि चूक एकच आहे. दोन्ही पद्धती आजवर किती पैसे दिले गेले तेच मोजतात. एक तास नीट मदत द्यायला काय लागतं, हे कोणीच मोजत नाही.

संस्थांच्या हिशेबांचंच घ्या. ते खोटे असतात असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा खरेच असतात. पण ज्या संस्थेला गेली दहा वर्षं कमी दर मिळाला, तिने कमी पगार दिला, प्रशिक्षण टाळलं, रिकाम्या जागा भरल्याच नाहीत. हे सगळं तिच्या हिशेबात 'कमी खर्च' म्हणून दिसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या हिशेबांची सरासरी काढून तुम्ही जुनाच दर नव्या कागदावर उतरवता. वरचे दहा टक्के कुठून आले, हेही कोणाला सांगता येत नाही, आणि अर्थ विभाग पहिल्या बैठकीत तेच कापतो.

बजेट भागिले तास ही पद्धत तर दर काढतच नाही. ती फक्त टंचाई सगळ्यांवर सारखी पसरवते आणि तिला दर म्हणते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं प्रकरण या कामातल्या प्रत्येकाने वाचावं. दर वाढवायला हवेत असं राज्याच्या स्वतःच्या अभ्यासातून निघालं होतं, पण विधिमंडळाने पैसे दिले नाहीत म्हणून जुने दर तसेच राहिले. निवासी सेवा देणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांसाठीची तिथली सरकारी आरोग्य योजना, तिच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की दर काटकसरीचे असावेत, पण पुरेशा संस्था सेवा द्यायला तयार होतील इतके असावेत. खालच्या कोर्टांत संस्था जिंकल्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की या तरतुदीच्या जोरावर संस्थांना असा दावा लावता येत नाही. दर पुरेसा आहे की नाही, हा मूळ प्रश्न तिथेच लटकला. मी यातून एवढंच घेतो की कायद्यात 'पुरेसा' हा शब्द लिहिल्याने पैसे येत नाहीत. तो आकडा तुम्हालाच काढावा लागतो, आणि कोणी कापलाच तर कापल्याचं दिसेल अशा जागी लिहावा लागतो.

म्हणून दर खालून वर बांधा. मदतनिसाच्या पगारापासून सुरुवात करा. चलन कोणतंही असो, तासाचा पगार १०० धरू.

आठवड्याला ४० तासांची नोकरी म्हणजे वर्षाला २,०८० पगारी तास. त्यातून वार्षिक रजा २० दिवस, सुट्ट्या १०, आजारपण ८, प्रशिक्षण ५ असे ४३ दिवस काढा. आठ तासांप्रमाणे ३४४ तास गेले, १,७३६ उरले. आता या उरलेल्या दिवसांच्या आत डोकवा. आठ तासांतला साधारण पावणेदोन तासांचा वेळ दोन घरांमधल्या प्रवासात, नोंदींमध्ये, बैठकीत आणि ऐनवेळी रद्द झालेल्या भेटींमध्ये जातो. बिलात बसणारे राहतात सव्वासहा. वर्षाचे होतात १,३५६. पगार २,०८० तासांचा द्यायचा आणि बिल १,३५६ तासांचं लावायचं, ही सगळ्या दराची गोम आहे.

पुढचं गणित सोपं आहे. पगारावर मालकाने भरायची वर्गणी, विमा वगैरे १५ टक्के धरले तर बिलात बसणाऱ्या तासाचा खर्च १७६ होतो. दहा मदतनिसांमागे एक पर्यवेक्षक, त्याचा पगार १४० आणि त्यावर तीच १५ टक्के वर्गणी, हे मिळवलं की २०१. कार्यालय, संगणक, हिशेब, भरती, लेखापरीक्षण यांसाठी एकूण दराच्या १२ टक्के धरले तर २०१ ला ०.८८ ने भागायचं. उत्तर साधारण २२८. (एकूण दराच्या १२ टक्के आणि खर्चावर १२ टक्के या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या पद्धतीने २२५ येतात. तुमच्या आदेशात यापैकी कोणती पद्धत, ते एका वाक्यात लिहा, नाहीतर पुढची दोन वर्षं पत्रव्यवहारात जातील.) यात वाढावा किंवा राखीव निधी अजून आलेला नाही. ज्या संस्थेला तुमचं बिल पास व्हायला दोन महिने थांबावं लागतं, तिला दोन महिन्यांचे पगार कुठूनतरी आणावे लागतात. त्याचाही खर्च असतो.

अर्थ विभागाला १०० चे २२८ दाखवले की पहिली प्रतिक्रिया 'संस्था लुटतात' अशी येते. तेव्हा हा तक्ता ओळीओळीने समोर ठेवा आणि विचारा, यातली कोणती ओळ काढू? रजा काढू की पर्यवेक्षक? माझ्या अनुभवात वाद इथे पहिल्यांदा कामाचा होतो.

यातले सगळे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्याकडच्या रजा, वर्गण्या, अंतरं वेगळी असणार. पण कोणता आकडा किती हलवतो, हे बघून ठेवा. वरच्या गणितात प्रवास दिवसाला फक्त १५ मिनिटांनी वाढवा, दर २२८ वरून २३८ वर जातो. कार्यालयीन खर्चाच्या एका टक्क्यावर लोक तासनतास भांडतात, त्याने अडीच-तीनचा फरक पडतो. बिलात बसणारा वेळ किती, यावर मात्र कोणी बोलत नाही, कारण तो कोणी मोजलेलाच नसतो.

तो मोजायचा कसा? मी एकदा मदतनिसांच्या गाडीत मागच्या सीटवर घड्याळ घेऊन बसलो होतो. सकाळची पहिली भेट ४५ मिनिटांची मंजूर होती. पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं, अंघोळ, कपडे, नाश्ता. दारावर पोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं. घरातल्या म्हाताऱ्या आईला कडी काढायला चार मिनिटं लागली. उचलायच्या यंत्राची बॅटरी उतरलेली, म्हणून दुसरी शोधण्यात सहा मिनिटं. मग मदतनीस बाईंनी त्या घरातल्या अपंग माणसासाठी जे केलं ते खरोखर ४० मिनिटांत झालं, आणि घाई न करता झालं. त्यानंतर त्या वहीत लिहीत होत्या: पाठीवर लाल डाग, जागा, आकार, कोणाला कळवलं. सात मिनिटं. अशा डागाची नोंद राहून गेली तर पुढे त्याची जखम होते आणि माणूस दवाखान्यात जातो. त्या सात मिनिटांसाठी बिलाच्या कोणत्याच कोडमध्ये जागा नव्हती. भेट ५७ मिनिटांची झाली, बिल ४५ चं लागलं. वरच्या १२ मिनिटांचा पगार बाईंना मिळाला की नाही, हे मी विचारलं. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी गाडी चालवणाऱ्याकडे बघितलं. मला उत्तर कळलं.

असे दोन आठवडे, निदान पाच-सहा संस्थांमध्ये, वेगवेगळ्या भागांत मोजा. संस्थेने भरून पाठवलेल्या तक्त्यावर जाऊ नका. शहरातली एक, विरळ वस्तीतली दोन, एक मोठी, एक अगदी लहान. दर ठरवण्याच्या कामात यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी खर्च मी पाहिलेला नाही.

आता पगाराचा १००. हा कुठून आणायचा? सध्या बाजारात दिला जातो तो पगार घेतला तर पुन्हा जुन्या दराचंच प्रतिबिंब घेतलं. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वेतन लवादाने सामाजिक सेवा क्षेत्राचे पगार वाढवण्याचा आदेश दिला. हे काम प्रामुख्याने बायका करतात आणि म्हणूनही त्याचं मोल कमी धरलं गेलंय, हे त्यामागचं कारण होतं. वाढ टप्प्याटप्प्याने २०२० पर्यंत चालली. ज्या सरकारी करारांत जुने पगार धरलेले होते, त्यांना जादा पैसे द्यावे लागले. मी स्वतः दोन गोष्टी बघतो: कायद्याने किंवा कराराने बांधलेला किमान पगार, आणि त्याच भागात तेवढ्याच शिक्षणाच्या माणसाला दुसरीकडे काय मिळतं. दवाखान्यातला सहायक किंवा गोदामातला कामगार तासाला ११५ घेत असेल, तर तुमचा १०० चा मदतनीस सहा महिन्यांत तिकडे जाणार. मग भरती आणि प्रशिक्षणाचा खर्च तुमच्याच दरातून निघणार.

वाढवलेले पैसे मदतनिसाच्या हातात पडतील कशावरून, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत २०२४ च्या केंद्रीय नियमाने घरकाम मदत, गृह आरोग्य सहायक आणि वैयक्तिक मदत या सेवांच्या देयकांपैकी किमान ८० टक्के थेट मदत करणाऱ्यांच्या मोबदल्यावर जावेत असं सांगितलं आणि त्यासाठी सहा वर्षांची मुदत दिली. ऐकायला चांगलं वाटतं. पण वरचंच उदाहरण घ्या: मदतनिसाचा मोबदला १७६, दर २२८, म्हणजे ७७ टक्के. प्रामाणिक संस्था नापास! पर्यवेक्षकाला मोबदल्यात धरलं की २०१, म्हणजे ८८ टक्के, आणि तीच संस्था आरामात पास. त्या नियमातही प्रशिक्षण, प्रवास आणि संरक्षक साहित्याचा खर्च हिशेबाबाहेर ठेवलाय, तो याचसाठी. टक्केवारी लावायचीच असेल तर आधी व्याख्या लिहा. मला स्वतःला टक्केवारीपेक्षा किमान पगाराची अट आणि पगारपत्रकाची तपासणी बरी वाटते, विशेषतः जिथे लहान संस्था जास्त आहेत. दहा माणसांच्या संस्थेलाही लेखापरीक्षक एकच लागतो, शंभर माणसांच्या संस्थेलाही एकच.

दिवसाच्या केंद्राचा दर काढताना सगळ्यात जास्त फसगत भागाकारात होते. तीन जणांमागे एक मदतनीस, तासाचा खर्च २१०, म्हणून प्रत्येकी ७०. पण तिघे रोज येत नाहीत. आजारपण, दवाखान्याची तारीख, गाडी न येणं. हजेरी ८५ टक्के असेल तर भागायचं २.५५ ने, आणि दर येतो ८२. एक जण आला नाही म्हणून मदतनिसाला अर्ध्या दिवसाने घरी पाठवता येत नाही. हा फरक न धरता दिलेला दर केंद्राला एकच वाट दाखवतो: तिघांच्या जागी चौघांना बसवा. मग तपासणीला येऊन तुम्हीच गर्दीबद्दल नोटीस काढता. उलट बाजूने, गैरहजेरी दरात धरली असेल तर गैरहजर दिवसाचं वेगळं बिल देऊ नका. मी हे दोनदा दिलेलं पाहिलंय.

निवासगृहात रात्र वेगळी काढा. जागती रात्र आणि झोपायची परवानगी असलेली रात्र यांचा एकच दर कधीच ठेवू नका. ब्रिटनमध्ये झोपेच्या पाळीला तासागणिक किमान वेतन लागू होतं का, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामासाठी जागं असलेला वेळच त्यासाठी मोजायचा. तोवर संस्थांच्या डोक्यावर मागच्या थकबाकीची टांगती तलवार होती. तुमच्याकडचा कामगार कायदा झोपेला काय समजतो, हे दर जाहीर करण्याआधी लेखी विचारून घ्या.

आता जास्त मदत लागणाऱ्यांसाठी वेगळा दर. हो, ठेवाच. एकच सरासरी दर असला की संस्था सोप्या माणसांना घेतात आणि अवघड माणसं प्रतीक्षायादीत राहतात. यात संस्थेचा दुष्टपणा असतोच असं नाही, बऱ्याचदा तिला ते परवडतच नाही. पण स्तर कशावरून ठरवायचा? निदानावरून नको. एकाच निदानाच्या दोन माणसांना लागणाऱ्या मदतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सपोर्ट्स इंटेन्सिटी स्केलसारखी साधनं उणीव मोजण्याऐवजी एखादं काम करायला किती वेळा, किती वेळ आणि कशा प्रकारची मदत लागते ते विचारतात. दरासाठी हीच भाषा उपयोगी पडते, कारण तिचं रूपांतर तासांत करता येतं. मूल्यमापन करणारा माणूस मात्र संस्थेच्या पगारावर नसावा.

स्तर तीन किंवा चार पुरेत. मी एका ठिकाणी अकरा स्तर असलेली पद्धत चालवलीय. निम्मा वेळ कोण सातव्यात आणि कोण आठव्यात याच्या अपिलांत गेला. त्यापेक्षा चार स्तर आणि खरोखर अपवादात्मक माणसासाठी वेगळी, लवकर निकाल देणारी वाट बरी. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. माणूस शिकला, स्वतः कपडे घालायला लागला, त्याचा स्तर उतरला, की संस्थेचे पैसे लगेच कमी होतात. म्हणजे चांगलं काम केल्याची शिक्षा. स्तर उतरला तरी निदान वर्षभर जुना दर चालू ठेवा.

विरळ वस्तीसाठी जादा दर द्यावा लागतो, त्यात फार वाद नको. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेत दुर्गम भागासाठी कमाल दर ४० टक्क्यांनी आणि अतिदुर्गम भागासाठी ५० टक्क्यांनी जास्त आहेत. तुमचे टक्के तुमच्या अंतरांवरून काढा. त्याच योजनेत १ जुलै २०२५ पासून थेरपिस्टच्या प्रवासाच्या वेळेला तासाच्या निम्माच दर मिळू लागला. असा निर्णय घेताना शेवटच्या घरापर्यंत जाणारे किती लोक उरतील, हे आधी मोजून ठेवलेलं बरं.

दर ठरलेला असावा की कमाल मर्यादा असावी, याचं उत्तर खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. एका भागात आठ-दहा संस्था असतील आणि लोकांना संस्था बदलता येत असेल, तर कमाल मर्यादा ठेवून पाहता येईल. पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी कमाल दर हाच सगळ्यांचा दर झाला. एकच संस्था असेल तर स्पर्धेच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. तिथे सरळ तासाऐवजी वर्षाची ठोक रक्कम द्या आणि बदल्यात किती लोकांना सेवा हवी ते करारात लिहा.

वार्षिक वाढीचं सूत्र पहिल्याच आदेशात घाला. हे सूत्र ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधायचा मोह होतो, कारण तो तयार मिळतो. पण या सेवेत खर्चाचा मोठा भाग पगार आहे, आणि अंघोळ घालायला दहा वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. यंत्र आणून तो निम्मा होत नाही. पगार वर्षाला ५ टक्क्यांनी आणि दर ३ टक्क्यांनी वाढला, तर पाच वर्षांत दर पगाराच्या ९ टक्के मागे पडतो. कोणी काही कापलेलं नसतं, तरी कपात झालेली असते. चार भाग वेतन निर्देशांक आणि एक भाग किंमत निर्देशांक असं मिश्रण मला चाललेलं आहे. आणि दर चार-पाच वर्षांनी घड्याळ घेऊन पुन्हा गाडीत बसायचं.

राहिला पैशांचा प्रश्न. तुमचा तक्ता २२८ म्हणणार आणि बजेटमध्ये २०५ चेच पैसे असणार, हे जवळपास ठरलेलं आहे. तेव्हा २०५ येईपर्यंत प्रवासाची मिनिटं कमी करत बसू नका. हे मी स्वतः केलंय, वरिष्ठांच्या सांगण्यावरून. पुढच्या वर्षी तेच कमी केलेले आकडे 'मोजलेली वस्तुस्थिती' म्हणून माझ्यासमोर आले आणि त्यांच्यावरून पुढचा दर निघाला. २२८ हा आकडा तसाच ठेवा, खाली वेगळी ओळ लिहा: 'उपलब्ध निधीनुसार देय ९० टक्के', आणि त्याखाली निर्णय कोणाचा ते पदनामासह. मग तास कमी करायचे, कमी लोकांना घ्यायचं की जादा पैसे मागायचे, हे ज्यांचं काम आहे त्यांना ठरवू द्या.

बैठकीला जाण्याआधी एक करा. तीन संस्थांची मागच्या एका महिन्याची खरी बिलं घ्या आणि नव्या दराने पुन्हा लावून बघा. कोणाचे पैसे २० टक्क्यांपेक्षा जास्त वर किंवा खाली जात असतील तर तिथे एकतर तुमच्या गणितात चूक आहे किंवा ती संस्था काहीतरी वेगळंच करतेय. एकदा मला असं सापडलं होतं की सगळ्यात 'महाग' संस्था ही एकटीच रद्द झालेल्या भेटींचा पगार देत होती. ती तीन पानं बैठकीत हाताशी ठेवा. दरावरचं पहिलं वाक्य अर्थ विभागाने बोलायच्या आधी ती वाटून टाका.